चंद्रपूरच्या उन्हातलं ओव्हरक्लॉक कार्ड

ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर छापलेलं खोटं नसतं, पण ते दुसऱ्या गावचं खरं असतं. ते आकडे कुठल्यातरी थंड खोलीत, झाडलेल्या टेबलावर, खणखणीत विजेवर घेतलेले असतात. आम्ही तेच कार्ड लावायचो चंद्रपुरात, मे महिन्यात, कोळशाच्या धुळीत. आमच्याकडे मे महिन्यात पंखा लावला की तो छतापाशी साठलेली गरम हवा उचलून आपल्याच डोक्यावर आणून टाकतो. अशा गावात मी वीसेक वर्षं कॉम्प्युटर जोडले, विकले आणि विकले त्याहून जास्त दुरुस्त केले. पोट भरलं, पोरी शिकल्या, गुडघे गेले. तक्रार नाही.

ज्यांना या धंद्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. कॉम्प्युटरच्या आत हिशेब करणारा एक आणि चित्र काढणारा एक, अशी दोन डोकी असतात. ग्राफिक्स कार्ड हे चित्र काढणारं डोकं. त्याच्यावर एक चिप, बाजूला तिची स्वतःची मेमरी, वर तांब्या-अॅल्युमिनियमच्या पात्या आणि पंखा. चिप बनवणारी कंपनी सांगते, हिला या वेगानं चालवा, समजा सहाशे मेगाहर्ट्झ. मग कार्ड बनवणारी दुसरी कंपनी त्यातल्या चांगल्या निघालेल्या चिपा वेगळ्या काढते, त्यांना जास्त दणकट वीजपुरवठा देते, दोन पंखे बसवते, तांब्याच्या नळ्या फिरवते आणि वेग साडेसहाशेवर नेऊन ठेवते. गिऱ्हाइकानं काहीच करायचं नाही, कारखान्यातूनच वेग वाढवून आलेला. याला म्हणायचं फॅक्टरी ओव्हरक्लॉक. खोक्यावर 'ओसी' असं चिकटवतात आणि शेजारी हातात तलवार घेतलेली एखादी बाई किंवा राक्षस छापतात. राक्षसाचा कार्डाशी काय संबंध, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

हे सगळं मी एकदा दुकानात एका गिऱ्हाइकाला समजावून सांगत होतो. बाजूला मूल गावाकडचे एक धानवाले पाटील बसले होते. शंकरपटाचे शौकीन, बैल पळवण्यात जमीन विकायची तेवढी बाकी राहिलेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे हा पटाचा बैल झाला ना जी. पयते जोरात, पन त्याचं खानं-पिनं, मालिश, सावली, सारंच येगळं. आन वखराले जुंपलं त दुपारपावतर बसते."

मी गिऱ्हाइकाला म्हटलं, घ्या, माझं काम झालं. त्यानं साधं कार्ड नेलं. पाटलांना मी चहा पाजला आणि त्यांची व्याख्या पुढे बरीच वर्षं फुकट वापरली.

कार्डाचे गुण वाचायची माझी रीत उलटी होती. लोक आधी मेगाहर्ट्झ बघत, मी शेवटी बघायचो. आधी बघायचो त्याला विजेची वेगळी तार लागते का, कारण स्वस्त एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, त्या तारेवर जीव सोडायचा. मग बघायचो पंखा हवा कुठे टाकतो. काही कार्डं गरम हवा मागच्या जाळीतून थेट बाहेर फेकतात. ओसीवाली बहुतेक कार्डं मात्र दोन मोठे पंखे लावून ती कॅबिनेटच्या पोटातच सोडतात. थंड गावात चालून जातं. चंद्रपुरात ते कार्ड आपलीच उष्टी हवा पुन्हा पुन्हा खात बसतं आणि तासाभरात पडद्यावर हिरवे-जांभळे ठिपके यायला लागतात. ऊर्जानगरचे एक इंजिनियर साहेब दर शनिवारी गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचे. त्यांनी हे ठिपके गेममधली रोषणाई समजून महिनाभर त्यांचं कौतुक केलं. त्यात भर म्हणजे लोडशेडिंग. अर्ध्या महाराष्ट्राला वीज देणारी धुराडी आमच्या गच्चीवरून दिसायची आणि आम्ही हातपंख्यानं वारा घ्यायचो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आम्ही मोजूनमापून भोगला.

जंगलातली गिऱ्हाइकं आणखी वेगळी. एटापल्लीकडचे एक गुरुजी एसटीच्या मागच्या सीटवर कॅबिनेट मांडीवर घेऊन आले. "भाऊ, चालू केलं का वास येते," म्हणाले. "कशाचा?" तर ते नुसतेच हसले. मी झाकण उघडलं आणि अख्ख्या दुकानात मोहाचा घमघमाट सुटला. उंदरानं मोहफुलं वेचून आणून कार्डाच्या पंख्याखाली गोदाम केलं होतं. कार्ड तापायचं, फुलं शेकायची, की दारूच्या भट्टीचा वास. "गुरुजी, हे जप्तीचं प्रकरण आहे," मी म्हटलं. "मले वाटलंच," ते म्हणाले, "पोरं शिकाले न बोलावता येऊन राह्यली होती."

आता जे सांगायचं म्हणून लिहायला बसलो ते सांगतो.

प्रणाली राजुऱ्याची. म्हणजे राहायची राजुऱ्यात, पण गाव तिथून पुढे आत, कोळशाच्या खाणीला लागून. जात ढिवराची, घरात सगळे तलावात जाळं टाकणारे. ही एकटी सिव्हिलचा डिप्लोमा करून बिल्डरांना घरांची थ्रीडी चित्रं काढून द्यायची. कॉम्प्युटर माझ्याकडचाच. तिच्या गावाखाली कोळसा निघाला होता आणि खाण वाढणार म्हणून गाव उठणार होतं. नवं गावठाण तलावाच्या पलीकडच्या बाजूला, डांबरी रस्त्यापर्यंत पसरलेलं. तलाव राहणार होता, मासेमारीचा ठेकाही राहणार होता. प्लॉट वाटून नकाशा तयार झाला होता. ढिवरांची चाळीसेक घरं अगदी रस्त्याला लागून टाकली होती. पुनर्वसनाचे साहेब वाईट नव्हते, उलट त्यांना वाटत होतं आपण गरिबांना मोक्याची जागा दिली. ढिवरही खूश होते. दारात बस थांबणार, आणखी काय पाहिजे?

प्रणाली खूश नव्हती. माझ्या काउंटरवर नकाशा पसरून ती म्हणाली, "भाऊ, हे पहा. इथी आमचं घर, आन तलावाची पार, हा बांध, इथी. नकाशावर दोन बोटं आहे. मी बाबाले सांगून राह्यली का बाबा, हे दूर आहे. त म्हनते, दोनच बोटं त आहे."

"मग तुझं काय म्हणणं?"

"त्याइले नेऊन दाखवतो. कॉम्प्युटरात सारं गाव उभं करतो आन चालवतो त्यातून."

मी सुचवलं की फिल्म बनव, मग कुठल्याही कॉम्प्युटरवर चालेल. तिनं मान हलवली. "लोकं म्हनतीन, आता माह्या घरी ने, आता मंदिरापाशी ने. फिलिम कशी वळन?" बरोबर होतं. फिल्ममध्ये चित्रं आधीच काढून ठेवलेली असतात. हिला हवं होतं की कळ दाबली की त्याच क्षणी समोरचं घर, झाड, वळण काढलं जावं. ते काम ग्राफिक्स कार्डाचं आणि तिच्या जुन्या कार्डाला ते झेपणारं नव्हतं. महिन्याअखेरीला साहेब गावात येऊन नकाशा कायम करणार होते. एकदा लोकांनी होकार दिला की प्लॉट दगडावरची रेघ. नागपूरला फोन लावला तर व्यापाऱ्याकडे तिच्या कामाचं एकच कार्ड शिल्लक होतं, तेही ओसी, खोक्यावर राक्षसासकट. मी नाक मुरडलं, पण मागवलं.

गावकऱ्यांसाठी पहिला खेळ तिनं साहेबांच्या बैठकीच्या आधी आठवडाभर ठेवला. मी गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी ती ऑटोतून कॅबिनेट घेऊन दुकानात उतरली. डोळे लाल.

"मंदिरापावतर गेलो आन सारं आकडून पडलं, भाऊ. घरं चिंध्या-चिंध्या झाली. लोकं हासले. एक बुढा म्हने, नवं गाव आतापासूनच पडून राह्यलं."

मी झाकण उघडलं. पात्यांवर काळा चिखल बसला होता. पंख्याला हात लावला तर बोटाला शाई लागावी तसं लागलं. असा ओला चिखल मी कार्डात कधी पाहिला नव्हता.

"कुठे ठेवलं होतं हे?"

"सभागृहातच. सरपंच काकानं आपल्या घरचा कूलर आनून देल्ला. म्हने, पोरीचं मशीन आहे, गरमी होईन त्याले. माणसाइकडचा फिरवून सारा वारा त्याच्यावरच लावला."

आता हसावं की रडावं! आमच्या भागात पाहुणा आला की कूलरचं तोंड त्याच्याकडे फिरवतात, हा मोठा मान. अख्खा गाव घामानं भिजत बसला आणि ओल्या वाळ्याचा गार वारा त्यांनी त्या डब्याला दिला. त्या वाऱ्यात पाणी, हवेत खाणीची धूळ, आणि आत दोन पंखे ते मिश्रण ओढून घ्यायला टपलेले. झाला लेप. इतक्या मायेनं बिघडवलेलं कार्ड माझ्या हाती पुन्हा आलं नाही.

स्पिरिट आणि ब्रशनं पात्या धुतल्या, चिपची उष्णता पात्यांना देणारी पेस्ट बदलली. कार्ड जिवंत होतं. मग मी एक गोष्ट केली ती प्रणालीला पटेना. एका छोट्या सॉफ्टवेअरमधून मी कार्डाचा वेग खाली आणला. कारखान्यानं चढवलेला उतरवलाच, पण चिपचा मूळ वेग होता त्याच्याही खाली नेला.

"त मंग एवढं महागाचं कार्ड घेतलं कायले?" ती चिडली.

"त्याच्या नळ्यांसाठी. पंख्यांसाठी. त्याची हाडं पळायसाठी बनवली आहेत. त्याला चालायला लावलं तर ते आपल्या उन्हातही थंड राहील. चित्र थोडं हळू निघेल, पण पडणार नाही."

"थोडं म्हंजे किती हळू?"

हे मलाही नीट ठाऊक नव्हतं. दुकानात तर बरं चाललं. पण दुकान म्हणजे गाव नव्हे. म्हणून साहेबांच्या बैठकीला मी स्वतः गेलो. माझ्या सामानाची अब्रू होती, पण खरं सांगायचं तर त्या पोरीचे लाल डोळे डोक्यातून जात नव्हते. ती हरली असती तर तिचे शेजारी पुढे जन्मभर उन्हातून चालले असते आणि घरी आली की तिला ते दिसलं असतं.

तिथे गेल्यावर नवाच पेच. साहेब दुपारीच येणार. प्रोजेक्टरचं चित्र दिसायला अंधार हवा म्हणून सभागृहाच्या सगळ्या खिडक्यांना पोती लावलेली. आत दोनशे माणसं, वर टिनाचं छप्पर. भाकरी शेकली असती. मी प्रणालीला म्हटलं, तू आत बस, कॅबिनेट बाहेर जाईल. लांब केबल सोबत नेलीच होती. एका खिडकीचं पोतं जरा सारून तारा बाहेर काढल्या, कॅबिनेट कडुनिंबाखाली स्टुलावर ठेवलं, त्याचं एका बाजूचं झाकण काढलं आणि समोर साधा टेबलफॅन लावला. खाली सडा टाकून घेतला, म्हणजे धूळ उडायची नाही. सरपंचांनी लांबून पाहिलं आणि दोन माणसांना हाक मारली, "अरे, कूलर आना!" मी आडवा पडलो म्हणायला हरकत नाही. "भाऊ, तुमच्या पाया पडतो, कूलर आत लावा, माणसांना लावा." त्यांना ते बरं वाटलं नाही. पाहुण्याला नुसता टेबलफॅन?

तर असा मी बाहेर बसलो. पडदा आत, मी झाडाखाली. मला काही दिसत नव्हतं. कॅबिनेटच्या मागे तळहात धरून हवा किती गरम येते एवढं कळत होतं, आणि खिडकीतून आवाज येत होते.

सुरुवात छान झाली. नवं मंदिर आलं तेव्हा बाया हसल्या, कुणी "पोरं मोठी हाये, वर्ग लहान काढला" म्हणून शाळेला नावं ठेवली. कार्ड कोमट होतं. मग प्रणालीचा आवाज आला, "आता आमच्या मोहल्ल्यातून तलावावर जाऊ. बाबा, तुमच्या दारातून निघतो." तिचे वडील सोमाजी. मी त्यांना सकाळी पाहिलं होतं, काटक, कमी बोलणारा माणूस.

निघाले. आत थोडा वेळ कुजबुज, हे अमक्याचं घर, ते तमक्याचं. मग कुजबुज कमी झाली. मग थांबली. मी वाट पाहतोय की आता तलाव येईल, लोक काहीतरी म्हणतील. काहीच नाही. नुसता टेबलफॅनचा आवाज. आकडलं वाटतं पुन्हा! मागे हात लावला, हवा ठीक होती, पंखे एकसारखे फिरत होते.

तेवढ्यात साहेबांचा आवाज आला, "ताई, हे फार हळू चाललंय. जरा पटपट घेता येत नाही का?"

मी मान खाली घातली. वेग मीच उतरवला होता. कार्डाला जगवलं आणि पोरीचा खेळ घालवला, असंच वाटलं. उठून आत जावं आणि सांगावं की दोष माझा, एवढं ठरवून मी उठलोही.

"येते ना साहेब," प्रणाली आत म्हणाली. "कळ दाबली का धावते. पन मी बाबाच्या मागं घरून तलावावर चालत गेलती, खांद्यावर जाळं होतं त्याइच्या. त्या चालीवर बसवलं हे. बाबा एवढंच चालते."

म्हणजे कार्डाचा काहीच दोष नव्हता. ते तिनं सांगितलं तितकंच आणि तसंच काढत होतं. मी स्टुलाला टेकून तिथेच उभा राहिलो.

मग सोमाजीचा आवाज आला, पहिल्यांदाच. "चालू दे, पोरी. साहेब, आमाले पायानंच जा लागते जी."

चालणं चालूच. पुन्हा तेवढाच वेळ गेल्यासारखा वाटला. कुठूनतरी एक बाई म्हणाली, "अजून नाई आला का तलाव?" दुसरी म्हणाली, "आन परत येताना डोक्यावर टोपलं राहीन. उन्हाचं." "मासोळी वाटेतच सडन ना बाई." मग एकदम सगळे बोलायला लागले. तलाव आला तेव्हा त्याच्याकडे कोणी बघितलं असेल असं मला वाटत नाही.

साहेबांनी माणूस म्हणून मोठेपणा दाखवला, हे लिहिलंच पाहिजे. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी विचारलं, "रस्ता सोडाल? बस दारात थांबणार नाही मग." सोमाजी म्हणाले, "बसमंदी आमी बाजाराच्या दिवशी बसतो. तलावात रोज जातो." ज्यांना रस्त्यावर दुकानं टाकायची होती अशा काही शेतकऱ्यांची घरं नकाशात तलावाच्या बाजूला होती. ती लोकं तिथल्या तिथे उठून उभी राहिली, आम्ही बदलतो म्हणाली. नकाशावर पेन्सिलनं बाण काढले गेले. मला बाहेर चहा आला तेव्हा कार्ड अजून चालूच होतं. प्रणाली लोकांना एकेकाच्या नव्या दारी नेत होती.

ते कार्ड पुढे त्याच उतरवलेल्या वेगावर तिच्याकडे बरीच वर्षं चाललं. ज्या वेगासाठी त्याची जास्तीची किंमत मोजली, त्या वेगानं ते आमच्याकडे एक अख्खा दिवसही पळालं नसेल. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. आम्ही नवं गाव घराघरासकट कॉम्प्युटरात उभं केलं. जुनं गाव तेव्हा डोळ्यासमोर उभं होतं, त्यातून चालत जाऊन एकदा ते काढून ठेवावं, असं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही. आता तिथे खड्डा आहे आणि खाली डंपर फिरतात. प्रणालीनं एकदा ते आठवून काढायला घेतलं होतं, पण गल्लीच्या वळणावरून तिचं आणि आईचं भांडण झालं आणि ते तसंच राहिलं.

गाव उठून गेल्यानंतरच्या हिवाळ्यात तिनं मला नव्या गावातल्या घरी जेवायला बोलावलं. घराला रंग लागायचा होता. अंगणात जाळी वाळत टाकलेली आणि समोर पार, पारीपलीकडे पाणी. सोमाजी जाळ्याची भोकं विणत बसले होते. मी बोलायचं म्हणून विचारलं, "काय भाऊ, आता जवळ पडते ना तलाव?"

त्यांनी मान वर केली नाही. हातातली गाठ आवळली, दातानं दोरा तोडला आणि म्हणाले, "दारातून हाक देल्ली त मासोळी आयकते."